रेघ लपवण्याचा इतिहास

गेल्या डिसेंबरात पुण्याला भाच्याकडे दोन दिवस मुक्काम होता. प्रदर्शनं, परिषदा, मोठे लग्नसमारंभ अशा ठिकाणी टीव्हीच्या भिंती उभारून देण्याचा त्याचा धंदा आहे. चार, नऊ किंवा सोळा पडदे एकमेकांना चिकटवायचे आणि त्यावर एकच मोठं चित्र दाखवायचं. त्या दिवशी तो नऊ पडद्यांची भिंत तपासत होता. पडद्यावर बातम्या सुरू होत्या. निवेदिकेचा एक डोळा डावीकडच्या टीव्हीत, दुसरा उजवीकडच्या टीव्हीत आणि नाकाच्या जागी एक काळी उभी रेघ. भाचा म्हणाला, “मामू, बाकी सगळं जमतं हो, ही रेघ तेवढी जात नाही.” मग त्याने पेटीतून एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढली, मूळ टीव्हीपासून बोटभर अंतर ठेवून त्या फटीसमोर धरली आणि मला समोर उभं राहून पाहायला सांगितलं. रेघ गेली! निवेदिकेला नाक परत मिळालं.

मी पट्टीवरून नख फिरवलं. ग्रामोफोनच्या तबकडीसारखं बारीक खरखरीत लागलं. भाचा पुढे म्हणाला, “हे आपल्याच लोकांनी शोधलं ना? आपल्या ग्रुपवर आलं होतं, लेन्सचा शोध इब्ने हैसमने लावला म्हणून.”

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर ‘हो’ असंही नाही आणि ‘नाही’ असंही नाही. त्यामुळे ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावत नाही.

आधी ही पट्टी काय करते ते समजून घेऊ. लहानपणी आपण सगळ्यांनी एक खेळ केलेला असतो. वाटीत नाणं ठेवायचं, वाटीच्या काठाआड ते दिसेनासं होईल इतकं मागे सरकायचं आणि मग कुणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगायचं. नाणं जागचं हलत नाही, पण वर येऊन दिसू लागतं. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. डोळ्याला मात्र किरण कुठे वाकला हे कळत नाही. किरण ज्या दिशेने डोळ्यात शिरला त्याच दिशेला सरळ रेषेत वस्तू आहे, असं तो धरून चालतो. वस्तू एका जागी आणि तिचं दिसणं दुसऱ्या जागी. भाच्याची पट्टी अगदी हेच करते. टीव्हीच्या काठावरचं चित्र ती थोडं बाहेर सरकवून काळ्या चौकटीच्या वर आणून ठेवते. चौकट तिथेच असते. तिच्याकडून निघालेला किरण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

हा नाण्याचा खेळ ग्रीकांना ठाऊक होता. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हवा, पाणी आणि काच यांच्यात किरण किती अंशांनी वाकतो याचे तक्ते तयार केले. ‘प्रकाशशास्त्र’ या त्याच्या ग्रंथाचा पाचवा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. तक्ते होते, पण त्यांच्या मागचा नियम हाती नव्हता. अमुक कोनातून आलेला किरण तमुक कोनात जाईल, हे एका वाक्यात सांगता येत नव्हतं. आणि तो नियम नसेल तर लेन्स ‘आखता’ येत नाही. घासून-पुसून, चुकत-माकत फक्त ‘बनवता’ येते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

आता बगदादला जाऊ. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध. खिलाफत अब्बासींची होती, पण सत्ता बुवैही घराण्याच्या हातात होती. या दरबारांत गणितज्ञांना आश्रय होता. त्यांच्यात एक होते अबू सअद अल-अला इब्ने सहल. त्यांनी सुमारे ९८४ मध्ये बुवैही शासक समसाम अद्दौला याच्यासाठी एक ग्रंथ लिहिला. विषय होता जाळणारी भिंगं आणि जाळणारे आरसे. सूर्याचा प्रकाश एका बिंदूवर गोळा करून लांबची वस्तू कशी पेटवायची, हा प्रश्न. आर्किमिडीजने आरशांनी रोमन जहाजं जाळली अशी एक जुनी कथा होती आणि तिच्यामुळे राजेलोकांना या विषयात रस असे. हेतू युद्धाचा होता, हे लपवण्याचं कारण नाही.

इब्ने सहल यांनी प्रश्न उलटा धरला. काचेचा एखादा तुकडा घेऊन तो किरण कुठे नेतो हे पाहत बसण्याऐवजी त्यांनी आधी ठरवलं की, समांतर येणारे सगळे किरण बरोबर याच एका बिंदूवर आले पाहिजेत. मग विचारलं, त्यासाठी काचेचा पृष्ठभाग कुठल्या आकाराचा हवा? उत्तर निघालं, एक बाजू सपाट आणि दुसरी अपास्ताच्या वक्राची. गोलाचा तुकडा चालत नाही. गोल भिंगातले काठाकडचे किरण आणि मधले किरण वेगवेगळ्या जागी मिळतात. तो वक्र सलग काढण्यासाठी यंत्र कसं असावं, याचंही वर्णन त्यांनी केलं आहे.

हे उत्तर काढताना त्यांनी एक आकृती वापरली. एकाच लंबावर उभे दोन काटकोन त्रिकोण आहेत. एकाचा कर्ण काचेतल्या किरणाच्या दिशेने, दुसऱ्याचा कर्ण हवेतल्या किरणाच्या दिशेने. या दोन कर्णांचं गुणोत्तर त्या स्फटिकासाठी नेहमी सारखंच राहतं, असं ते धरतात. आजच्या भाषेत मांडलं तर हा शाळेत दहावीला शिकवला जाणारा स्नेलचा नियम आहे. स्नेल हा डच गणितज्ञ इब्ने सहल यांच्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, १६२१ मध्ये या नियमापाशी पोचला. त्याच्या आधी, १६०२ मध्ये, इंग्लंडात टॉमस हॅरियटला तो सापडला होता. छापून जगापुढे आणला तो देकार्तने, १६३७ मध्ये.

इथपर्यंत वाचून छाती फुगवणाऱ्यांनी थोडं थांबावं. इब्ने सहल यांनी हे गुणोत्तर मोजून आकड्यात दिलेलं नाही. ते का स्थिर राहतं याचं स्पष्टीकरण दिलेलं नाही. ‘मी एक नियम शोधला आहे’ अशा थाटात ते बोलतही नाहीत. त्यांना भिंग आखायचं होतं आणि त्या कामापुरता त्यांनी तो वापरला. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट ही की, तो पुढे गेला नाही.

इब्ने हैसम (९६५ ते सुमारे १०४०) हे वयाने इब्ने सहल यांच्या मागच्या पिढीतले. जन्म बसऱ्याचा, हयात कैरोत गेली. इब्ने सहल यांचं लेखन त्यांना माहीत होतं. त्यांचा ‘किताब अल-मनाज़िर’ हा सात भागांचा ग्रंथ १०११ ते १०२१ च्या सुमारास लिहिला गेला. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, डोळ्यातून बाहेर पडत नाही, हे त्यात प्रयोगांसह आणि तर्कासह मांडलं आहे. सातवा भाग पूर्णपणे किरणांच्या वाकण्यावर आहे. पाण्यातली किंवा काचेमागची वस्तू मूळ जागेपासून सरकलेली का दिसते, हे तिथे बारकाईने येतं. दुसऱ्या भागात ते आणखी एक गोष्ट सांगतात. पाहणं म्हणजे नुसतं प्रकाशाचं डोळ्यात येणं नव्हे. मन त्यावर निवाडा करतं, पूर्वी पाहिलेल्याशी ताडून पाहतं, आणि हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. माझ्या मते भाच्याच्या पट्टीला हा भाग सर्वांत जवळचा आहे. कारण रेघ लपवण्याची युक्ती चालते ती डोळ्याच्या आणि मनाच्या या निवाड्यावर.

पण इब्ने हैसम यांनी ते कर्णांचं गुणोत्तर उचललं नाही. ते टॉलेमीच्या वाटेने कोनांचाच हिशेब करत राहिले. म्हणजे एवढा मोठा माणूस, हाताशी वडीलधाऱ्याचा ग्रंथ, आणि नियम मात्र बाजूला पडला. का, याचा विचार करताना मला वाटतं की इब्ने सहल यांची रीत भूमितीची होती आणि इब्ने हैसम यांची प्रयोगाची. एकाची भाषा दुसऱ्याच्या कामाची वाटली नसावी. हा माझा अंदाज आहे. इब्ने हैसम यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये १२०० च्या आसपास गेला आणि १५७२ मध्ये बाझेल इथे रिस्नेर यांनी तो छापला. युरोपच्या हाती आलं ते हे पुस्तक. त्यात तो नियम नव्हता.

इब्ने सहल यांच्या ग्रंथाचं काय झालं? त्याच्या हस्तलिखिताचे तुकडे झाले. एक भाग दमिश्कच्या ग्रंथालयात, दुसरा तेहरानच्या. हे दोन्ही एकाच ग्रंथाचे तुकडे आहेत, हे ओळखलं रुश्दी राशिद यांनी. राशिद मूळचे कैरोचे, संशोधन पॅरिसमध्ये. त्यांनी दोन्ही तुकडे एकत्र मांडले, पानांचा क्रम लावला आणि १९९० मध्ये ‘आयसिस’ या विज्ञानाच्या इतिहासाच्या नियतकालिकात हे सगळं प्रसिद्ध केलं. म्हणजे सुमारे हजार वर्षं या माणसाचं मोठेपण कुणाला माहीत नव्हतं. ज्या पिढीने स्नेलचा नियम घोकून परीक्षा दिली, त्या माझ्या पिढीच्या कुठल्याही शिक्षकाला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दख्खनचा एक धागा इथे सांगितला पाहिजे. हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने (स्थापना १८८८) अरबी हस्तलिखितं छापण्याचं प्रचंड काम केलं. इब्ने हैसम यांच्या ‘मनाज़िर’वर कमालुद्दीन फारसी (१२६७ ते सुमारे १३१९) यांनी लिहिलेला ‘तनकीह अल-मनाज़िर’ हा टीकाग्रंथ या संस्थेने १९२८ ते १९३० या काळात दोन खंडांत छापला. पाण्याने भरलेला काचेचा गोळा म्हणजे पावसाचा मोठा थेंब असं मानून इंद्रधनुष्याचं कोडं सोडवणारे ते हेच कमालुद्दीन. विसाव्या शतकात जगभरच्या अभ्यासकांनी ज्या छापील प्रतीवरून हा ग्रंथ वाचला, ती आपल्या शेजारच्या शहरात, मराठवाडा ज्या निजामी राज्याचा भाग होता त्याच राज्यात, छापली गेली होती. हे मात्र आमच्या ग्रुपवर कधी आलं नाही.

आता भाच्याच्या पट्टीवरच्या खाचा. त्यांचा बाप वेगळा आहे, आणि तो फ्रेंच आहे.

भिंग मोठं करायचं तर ते जाडही होतं. जाड काच जड असते, महाग असते आणि प्रकाश खाते. पण किरण वाकतो तो पृष्ठभागाच्या उतारावर. मधली जाडी त्या कामी येत नाही. मग मधली काच काढून टाकली आणि उतार तेवढे पायऱ्यापायऱ्यांनी ठेवले तर? हा विचार १७४८ मध्ये ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने मांडला. त्यालाही जाळणारं भिंगच हवं होतं! एकसंध काचेत अशा पायऱ्या घासणं जवळपास अशक्य होतं. पुढे कोंदोर्से याने सुचवलं की वेगवेगळी कडी बनवून जोडावीत. १८११ मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूस्टरनेही हेच लिहिलं.

ऑगस्टीन फ्रेनेल (१७८८–१८२७) याला यातलं काही माहीत नव्हतं. तो रस्ते-पूल खात्यातला इंजिनिअर, प्रकृतीने कायमचा नाजूक. १८१९ मध्ये त्याला दीपगृहांच्या आयोगाच्या कामावर घेतलं गेलं. त्या काळी दीपगृहात दिव्यामागे धातूचे आरसे असत आणि ते जवळजवळ निम्मा प्रकाश गिळत. ऑगस्ट १८१९ मध्ये फ्रेनेलने आयोगापुढे पायऱ्यांच्या भिंगाची कल्पना मोठ्या उमेदीने मांडली. सदस्यांपैकी शार्ल नावाचे गृहस्थ म्हणाले, हे तर ब्यूफाँने सांगून ठेवलंय. फ्रेनेल ओशाळला. उघड्याच दाराला आपण धडक मारली, असं त्याला वाटलं. प्रकाशाच्या लहरींवर काम करतानाही त्याच्यावर ही पाळी येऊन गेली होती.

पण त्याने काम सोडलं नाही. सोलेय नावाच्या कारागिराकडून त्याने काचेचे वेगवेगळे तुकडे घासून घेतले आणि ते जोडून भिंग उभं केलं. प्रत्येक तुकड्याचा उतार आधी गणिताने ठरवलेला, देकार्तने छापलेल्या त्या नियमाने. जुलै १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआंच्या दीपगृहात ते पेटलं. ३२ किलोमीटरवरच्या, क्षितिजाकाठच्या जहाजालाही तो उजेड दिसू लागला. चार वर्षांनी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयाने फ्रेनेल गेला. जाळण्यासाठी सुचलेली गोष्ट बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या कामी आली. पुढे जगभरच्या किनाऱ्यांवर ही भिंगं बसली.

दीपगृहाच्या भिंगात जोड असतात, पण ते कुणाला सलत नाहीत. तिथे चित्र दाखवायचं नसतं, उजेड एका दिशेला न्यायचा असतो. चित्र दाखवायला लागलो की जोड नडू लागतो. हे कळलं सिनेमावाल्यांना. १९२७ मध्ये आबेल गान्स या दिग्दर्शकाने ‘नेपोलियन’ चित्रपटाच्या शेवटी तीन पडदे शेजारीशेजारी लावले. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ आलं. तीन प्रोजेक्टर, १४६ अंशांचा वळणदार पडदा, प्रेक्षक खुर्चीला घट्ट धरून बसलेले. फ्रेड वॉलर या माणसाची ही कल्पना. पडदाही एकसंध नव्हता. सुमारे ११०० उभ्या पट्ट्यांचा होता, म्हणजे एका बाजूचा उजेड परावर्तित होऊन दुसऱ्या बाजूवर सांडू नये.

आणि दोन जोड. तीन चित्रं जिथे मिळत तिथे रेघ दिसायचीच. वॉलरच्या लोकांनी प्रोजेक्टरच्या खिडकीत फणीसारखे दात असलेला एक तुकडा बसवला. तो भराभर वरखाली हलायचा, त्यामुळे चित्राची कड धारदार न राहता भुरकट व्हायची. कॅमेरावाले आणखी हुशार. जोड येणार त्या जागी ते झाड, खांब किंवा घराचा कोपरा येईल असं दृश्य मांडत. १९६२ चा ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ पाहिला तर अशी झाडं सापडतात. एकदा कळलं की मग दुसरं काही दिसतच नाही. पात्रांनाही जोडावर उभं राहायची मनाई. रेघेने नटांना कुठे उभं राहायचं ते शिकवलं, हे मला फार गमतीचं वाटतं.

प्रोजेक्टरचं पुढे निभावलं. दोन चित्रं एकमेकांवर थोडी चढवायची आणि चढलेल्या भागात दोन्हींचा उजेड हळूहळू कमी करत न्यायचा. पण टीव्हीचे पडदे एकमेकांवर चढवता येत नाहीत. एलसीडीच्या काठाला काचा चिकटवणारा डिंक असतो, तारा असतात, पडद्याला हुकूम देणारी मंडलं असतात. तिथे चित्र उमटूच शकत नाही. चौकट कितीही बारीक केली तरी शून्य होत नाही. आणि आपला डोळा सरळ रेघेच्या बाबतीत फार खवचट आहे. चेहरा विसरेल, पण एक मिलिमीटरची रेघ विसरणार नाही. इथे फ्रेनेलच्या पायऱ्या परत आल्या. या वेळी काचेच्या नाहीत, अ‍ॅक्रिलिकच्या, आणि डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक.

साधा हिशेब करून पाहू. समजा टीव्हीची काळी चौकट ५ मिलिमीटर रुंद आहे आणि भिंगाचा पत्रा टीव्हीच्या २० मिलिमीटर पुढे बसवला आहे. काठावरच्या २० मिलिमीटर रुंदीच्या चित्राला ताणून २५ मिलिमीटर करायचं आहे, म्हणजे चौकट झाकली जाईल. तर अगदी कडेच्या किरणाला २० मिलिमीटरच्या अंतरात ५ मिलिमीटर सरकावं लागेल. म्हणजे सुमारे १४ अंश वाकावं लागेल. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. त्यावरून त्या जागच्या खाचेचा उतार निघतो सुमारे २५ अंश. त्या पट्ट्याच्या मध्यावर ७ अंश वाकलं तरी पुरतं, तिथे उतार १४ अंशांचा. आतल्या टोकाला शून्य. पुढे पत्रा सपाट. असं एकसंध भिंग केलं असतं तर काठाशी जवळपास ६ मिलिमीटर जाडीचा फरक पडला असता. ०.२ मिलिमीटर रुंदीच्या खाचा केल्या तर खोली एक दशांश मिलिमीटरच्याही आत राहते. हिऱ्याच्या टोकाने आधी धातूचा साचा कोरायचा, मग त्यावरून प्लास्टिक उठवायचं.

नीट पाहिलं तर हा प्रश्न इब्ने सहल यांच्याच जातीचा आहे. किरण कुठे पोचायला हवा ते आधी ठरवायचं, मग त्या गुणोत्तरावरून पृष्ठभागाचा उतार काढायचा. फरक इतकाच की सुलतानाला आग हवी होती आणि भाच्याला निवेदिकेचं नाक.

अर्थात फुकट काही मिळत नाही. २० मिलिमीटरचा उजेड २५ मिलिमीटरवर पसरला म्हणजे काठाचा भाग पाचवा हिस्सा मंद होतो. ठिपकेही तेवढेच विरळ होतात. चित्र ताणलेलं दिसू नये म्हणून कॉम्प्युटरने काठाचा भाग आधीच चेपून द्यावा लागतो. निळा रंग तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून पांढऱ्या अक्षरांच्या कडेला रंगीत किनार येते. प्रत्येक खाचेला एक उतार कामाचा आणि एक उभी भिंत बिनकामाची. ती भिंत उजेड इकडेतिकडे उडवते आणि धूसरपणा आणते. खाचांची रांग आणि ठिपक्यांची रांग एकमेकांवर पडली की दोन जाळीदार पडद्यांतून पाहताना दिसतात तसे लहरींचे पट्टे उमटतात. ते टाळायला खाचांची रुंदी ठिपक्यांच्या मानाने विचारपूर्वक निवडावी लागते. आणि हे सगळं जमतं ते समोर उभ्या माणसासाठी. जानेवारी २०१८ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात आसुस कंपनीने गेम खेळणाऱ्यांसाठी अशा पट्ट्यांचा संच मांडला होता. त्यात तीन मॉनिटर १३० अंशांच्या कोनात ठेवायचे आणि खेळणाऱ्याने मधोमध बसायचं. आता एलईडीच्या भिंती निघाल्या आहेत, त्यांच्या तुकड्यांना चौकटच नसते. त्यामुळे या पट्ट्यांचा बाजार लहानच राहील असं भाच्याचंही मत आहे.

तर मग भाच्याला काय सांगितलं? सांगितलं की बगदादहून या पट्टीपर्यंत सरळ रस्ता येत नाही. इब्ने सहल यांचा नियम वाटेत हरवला. हॅरियट, स्नेल, देकार्त यांनी तो स्वतःच्या कष्टाने मिळवला; इब्ने सहल यांच्याकडून घेतल्याचा कुठलाही पुरावा नाही. फ्रेनेलला ब्यूफाँ माहीत नव्हता, तर इब्ने सहल कुठून असणार! हां, इब्ने हैसम मात्र युरोपने खरोखर वाचले, केपलरने वाचले, आणि पाहणं म्हणजे काय हा विचार तिथून पुढे गेला. म्हणजे एक धागा अखंड आहे आणि एक तुटलेला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ग्रीक आणि युरोप हे दोन पडदे शेजारी चिकटवून मधली काही शतकं चौकटीखाली दाबली, ही तक्रार खरी आहे आणि मी ती करत राहणार. पण तिला उत्तर म्हणून आपणही एक भिंग लावून बगदाद ताणत ताणत मोबाईलपर्यंत आणावं, हे मला पटत नाही. तुटलेला धागा तुटलेला म्हणूनच दाखवावा. राशिद यांनी तेच केलं; दमिश्कचा तुकडा कुठे संपतो आणि तेहरानचा कुठे सुरू होतो, ते त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

भाच्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मामू, ग्रुपवर एवढं कोण वाचणार? तुम्ही ब्लॉगवरच टाका.” आणि तो परत कामाला लागला. पाहुणे यायला तासभर होता. पट्ट्या बसवून झाल्यावर तो हॉलभर फिरून भिंतीकडे पाहत होता. डावीकडे दोन पावलं गेला की रेघ परत दिसायची, मधे आला की जायची. शेवटी त्याने खिशातून चिकटपट्टी काढली आणि जिथून रेघ दिसत नाही तिथे खुर्च्यांची पहिली रांग कुठवर ठेवायची, त्याची खूण जमिनीवर करून टाकली.